वाळूतली अबोली

एकोणीसशे चोवीस सालच्या हिवाळ्यात माझी अडचण एवढीच होती, की वर्गात नेलेली फुलं तास संपायच्या आत माना टाकत. मी बेळगावच्या एका हायस्कुलात ड्रॉइंग मास्तर होतो. परीक्षेला पोरांना खरं फूल समोर ठेवून काढावं लागे, आणि सरावाला पाच-सहा दिवस तेच फूल तसंच्या तसं राहायला हवं असे. मी घरी बरेच उपाय करून पाहिले. जुन्या वर्तमानपत्रात फुलं ठेवून वर पाटा ठेवला. ती चपटी झाली, सावलीला काही उरलंच नाही. दांड्याला दोरा बांधून माळ्याला उलटी टांगली. आकार राहिला, रंग गेला. जास्वंदीच्या देठाला मेण लावून पाहिलं, तर दुसऱ्या दिवशी तिची बोंडासारखी गुंडाळी झाली.

आमच्या शाळेत गणित शिकवायला आण्णाप्पा नावाचे गृहस्थ होते, निपाणीजवळच्या बोरगावचे जैन. त्यांनी एके दिवशी डबीतून एक पिवळी शेवंती आणून माझ्या टेबलावर ठेवली.

"कधी तोडली असंल, सांगा बघू."

मी पाहिली. पाकळ्या ताठ, एकीचं तेवढं टोक गेलेलं, रंग हळदीसारखा, मध्ये किंचित हिरवट. "आज सकाळी," मी म्हणालो.

"गेल्या वर्षीच्या दिवाळीतली हाय. आमची थोरली बहीण करती. तारामतीआक्का. जाऊन शिकून या, न्हाय कुणाला म्हणायची न्हाय ती."

मार्गशीर्षात मी बोरगावला गेलो. निपाणीपर्यंत मोटार, तिथून बैलगाडी. निपाणी सोडली तरी वखारींतल्या तंबाखूचा वास कोटात मुरलेला होता. तारामतीआक्कांचं घर गावाच्या कडेला होतं, मागे तंबाखूचं शेत. त्यांचे यजमान रायाप्पा पान तपासायला शेतात गेले होते. आक्का पंचेचाळिशीच्या, उंच, बोलायला तुटक. त्यांनी मला पाणी दिलं आणि सरळ परसात नेलं.

"वाळू नदीची. बारीक. सात पाण्यानं धुवायची, उन्हात वाळवायची, मग कढईत भाजून गार करायची. फुलाला दव असता कामा न्हाय, आणि ऊनबी चढलेलं नगं. त्या मधल्या वक्ताला तोडायचं."

एका घासलेटच्या कापलेल्या डब्यात त्यांनी दोन बोटं वाळूचा थर दिला, त्यावर शेवंती उभी केली, आणि कागदाच्या पुंगळीतून वाळू सोडायला लागल्या. एकेका पाकळीच्या मागे आधी, मग पुढे, म्हणजे पाकळी वाकत नाही. त्यांचा हात एवढा हलका होता की वाळू पडल्याचा आवाज येत नव्हता. फूल बुडालं. डब्याच्या तोंडावर जुन्या धोतराचं मलमल बांधलं.

"झाकण लावायचं न्हाय, वाफ कोंडती. चुलीजवळच्या फळीवर ठिवा, चुलीवर न्हाय. आठ दिवस. मधी उघडून बघायचं न्हाय."

"का? बघितलं तर काय होतं?"

"पाकळी तडकती," त्या म्हणाल्या. पण माझ्याकडे न बघता त्या मलमलाची गाठ पुन्हा आवळत होत्या.

निघताना त्यांनी मला वाळू दिली. त्यांच्या डब्यातलीच, अर्धी, एका पिशवीत. नव्या वाळूवर हात बसायला दोन-तीन वर्षं जातात, असं त्यांचं म्हणणं. मी नको नको म्हणत होतो. "न्या हो मास्तर," त्या म्हणाल्या. "तुमच्याबी घरातलं माणूस गेलंय, असं आण्णाप्पा म्हणत हुता."

ते खरं होतं.

माझी बायको लतिका अठरा सालच्या मानमोडीच्या तापात गेली. मी त्या आठवड्यात परीक्षेच्या कामासाठी धारवाडला होतो. तार मिळून परत आलो तेव्हा सगळं आटोपलं होतं, शेजाऱ्यांनी केलं. तिचा फोटो नव्हता. मी घरातल्या मांजराचं चित्र काढलं होतं, कंदील काढला होता, फणसाचा गरा काढला होता. तिला म्हणायचो, तुला सुट्टीत सावकाश काढीन. ती गेल्यावर पहिल्या वर्षभरात मी शंभरेक वेळा तिला काढायला बसलो असेन. तिचा कान मला आठवे, भांगाची रेघ आठवे, हसताना डावा गाल आधी हले ते आठवे. पण हे सगळं कागदावर एकत्र आलं की दुसरीच कुणी बाई तयार व्हायची. पुढे पुढे तर कानही आठवेना. सहा वर्षांनी माझ्याजवळ तिचं नाव तेवढं उरलं होतं.

आमच्या अनगोळच्या घराच्या मागे तिनं लावलेली अबोली होती. मी खडेबाजारातून रिकामा डबा आणला, मलमल आणलं, आणि पहिल्या रविवारी अबोलीची एक्केचाळीस फुलं वाळूत घातली. मला आकडे लिहून ठेवायची सवय आहे. सुटी फुलं, एकेक वेगळं, एकमेकांना न टेकणारं.

आठ दिवस भरले त्या सोमवारी शाळेतून आल्यावर मी मलमल सोडलं आणि वाळू हळूच परातीत ओतली. आधी एक फूल दिसलं, मग दुसरं, मग सगळी एकदम वर आली, कारण ती गुंफलेली होती.

केळीच्या सोपाच्या दोऱ्यात गुंफलेली वेणी. एक्केचाळीस फुलं. रंग जिवंत अबोलीचा.

मी ती परातीतच राहू दिली आणि खुर्चीवर बसलो. घराला कुलूप असतं. एक किल्ली माझ्याकडे, एक नागुबाईकडे; नागुबाई भांडी घासायला येत, लतिकेच्या वेळेपासून. तेव्हा हे काम त्यांचंच, असं मी धरलं. दुसऱ्या दिवशी वेणी त्यांच्यासमोर ठेवली.

नागुबाईंनी हात पदराला पुसले. वेणी उचलली नाही, वाकून पाहिली.

"ही कुठनं आणलीसा?"

"तुम्हीच केलीत ना?"

"मी? मला कुठं येतंय गुंफाय." त्या आणखी वाकल्या. "आमच्या बाईंची हाय ही. त्या डाव्या हातानं गुंफायच्या. फास बघा की, उलटा पडलाय."

मी आतून दोरा आणला आणि चार फुलं स्वतः गुंफून पाहिली. माझा फास उजवीकडे पडत होता. वेणीतला प्रत्येक फास डावीकडे. एक्केचाळीसही.

नागुबाई त्या दिवशी भांडी न घासता गेल्या. पुढे येत राहिल्या, पण त्या फळीकडे पाठ करून बसायच्या.

दुसऱ्या खेपेला मी मलमलावर सुतळी बांधली, गाठीवर लाख ओतली आणि लाखेवर माझ्या अंगठ्याचा ठसा उठवला. आठ दिवसांनी ठसा तसाच होता. आतली फुलं गुंफलेली होती. दोन फुलांमध्ये आता एकेक मरव्याची काडी होती. मरवा मी घातला नव्हता. घरात मरवाही नव्हता आणि केळही नव्हती.

मला भीती वाटली असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. मी शाळेतून चालत घरी येताना पावलं मोजायला लागलो होतो. सहा वर्षांत पहिल्यांदा मला घरी जायची घाई होत होती.

माघात मी पुन्हा बोरगावला गेलो. आक्का ओसरीवर वाळू चाळत होत्या. मी वेणी रुमालातून काढून त्यांच्यासमोर ठेवली आणि काय घडलं ते सांगितलं. त्यांनी चाळणी बाजूला ठेवली.

"तुमच्यातबी आली व्हय," त्या म्हणाल्या. आश्चर्य नव्हतं त्यात.

आत जाऊन त्यांनी एक लाकडी पेटी आणली. पेटीत शेवंत्या होत्या, थरावर थर, मध्ये कापूस. त्यांनी एक उचलून माझ्या तळहातावर ठेवली. "बाहेरच्या पाकळ्या बघा."

एका पाकळीचं टोक नव्हतं. तिथं अर्धवर्तुळ कुरतडलेलं होतं, कडेला बारीक खाचा. मी दुसरी पाहिली, तिसरी पाहिली. प्रत्येक फुलाची एकच पाकळी. खाचांची रुंदी मी मनाशी मोजली. सहा-सात वर्षांच्या मुलाचे दात.

"आमची लेक शालन," आक्का म्हणाल्या. "तेराला प्लेग आलता, गाव माळावर झोपड्यांत गेलतं. कुठनं तरी वंजळभर शेवंती तोडून आणली हुती तिनं. मी वराडले, चावू नगंस, फूल देवाचं असतंय. संध्याकाळी काखंत गाठ आली. तिसऱ्या दिवशी..." त्यांनी पेटीतला कापूस सारखा केला. "ती फुलं टाकवंनात मला. नदीच्या वाळूत पुरून ठिवली. आठ दिवसांनी काढली तर ही अशी. पुरताना मी बघून ठिवली हुती, मास्तर. एकबी पाकळी चावलेली नव्हती."

"तेव्हापासून?"

"अकरा वर्सं. दरसाल शेवंतीच्या दिवसांत. यांना म्हाईत हाय, बोलत न्हाईत."

मला जे विचारायचं होतं ते मी शेवटी विचारलं. "तुम्हाला कधी वाटलं नाही, मध्येच उघडून बघावं?"

आक्कांनी पेटी बंद केली. कडी घातली. बराच वेळ त्या कडीवर बोट फिरवत राहिल्या.

"रोज वाटतंय," त्या म्हणाल्या. "पर एवढं मिळतंय न्हवं. वाईच धीर धरा. बघाय गेलं की..."

मध्ये उघडणार नाही, असा मी शब्द दिला. त्यांच्या पायरीवर उभा राहून, स्वच्छ शब्दांत दिला.

तिसरी वेणी आली. चौथी आली. मी ती काचेच्या बरणीत ठेवत होतो आणि रोज एक चित्र काढत होतो. वेणी मला हुबेहूब येत होती. वेणीच्या वर मान, मानेवरचे केस, इथपर्यंत हात चाले. पुढे कागद कोरा. एका संध्याकाळी मी असा विचार केला, की गुंफणारी बोटं आहेत, तर बोटांना हात आहे. हात आहे, तर चेहराही असणार. ड्रॉइंग मास्तराचाच विचार. तो डोक्यात शिरला तो निघेना.

फाल्गुनातला रविवार. पाचवा दिवस. दुपारचे अडीच वाजले होते. बाहेर रणरणतं ऊन होतं, शेजारी बायका शेवया वळत बसल्या होत्या आणि त्यांचं बोलणं भिंतीपलीकडून ऐकू येत होतं. मी डबा फळीवरून काढून जमिनीवर ठेवला. शेजारी ड्रॉइंगची वही आणि टोक केलेली पेन्सिल. सुतळी कापली. मलमल काढलं.

वाळू सपाट होती. माझ्याच हातानं सपाट केलेली.

मी पाहत राहिलो. काही वेळानं मधोमध वाळूचा एक कण घरंगळला. मग आणखी दोन. आत खोल काही तरी हलत होतं, अगदी थोडं, पण एका लयीत. थांबे, पुन्हा हले. पाठीमागून बघताना गुंफणाऱ्या बाईचा खांदा हलतो, तेवढंच.

मी उजवा हात वाळूत घातला. मनगटापर्यंत.

वाळू ऊन होती. चुलीत त्या दिवशी जाळ नव्हता.

बोटांना फुलं लागली. गुंफलेली. त्यांच्या मागोमाग बोटं सरकवत गेलो, तसा दोरा लागला. दोरा ताणलेला होता. त्याचं दुसरं टोक कुणी तरी धरलं होतं.

लय थांबली.

भिंतीपलीकडे बायका हसल्या.

मग दोरा सैल झाला आणि माझ्या तळहातावर एक बोट टेकलं. मग दुसरं. सावकाश, ओळख पटवून घेत, ती बोटं माझ्या हातावरून फिरली. अंगठ्याच्या मुळाशी थांबली. पाचही बोटं माझ्या बोटांत गुंतली आणि मिटली.

तो हात मी ओळखला. चेहरा विसरलो होतो. हात विसरलो नव्हतो.

तसंच बसून राहायला हवं होतं. आजवर मी हे हजार वेळा मनाशी म्हटलं आहे. संध्याकाळपर्यंत, दुसऱ्या दिवसापर्यंत, हवं तेवढं.

"लतिका," मी म्हणालो, "वर ये. एकदा बघू दे."

पकड घट्ट झाली. ती मला ओढत नव्हती. नको म्हणत होती.

मी ओढलं.

डबा कलंडला. वाळू सगळ्या खोलीभर पसरली, अगदी उंबऱ्यापर्यंत. मी गुडघ्यांवर ती दोन्ही हातांनी उपसत होतो. वाळूत अबोलीची एकोणीस फुलं गुंफलेली होती. बावीस सुटी. दोऱ्याचं टोक मोकळं.

बाकी काही नव्हतं.

मी वाळू कणकण गोळा केली, चाळली, डबा पुन्हा भरला. तीनदा फुलं घातली, तीनदा आठ आठ दिवस थांबलो. सुटी घातलेली फुलं सुटीच आली. सुरेख वाळलेली, रंग न उडालेली. शाळेत त्यांचं फार कौतुक झालं.

शब्द मोडल्याचं सांगायला मी चैत्रात बोरगावला गेलो. आक्का ओसरीवर नव्हत्या. रायाप्पा होते, त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि आतल्या खोलीकडे हात केला.

आक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या. समोर परातीत वाळू आणि वाळूत शेवंत्या, शेवटच्या बहराच्या, लहान लहान. मी जवळ बसलो. मला न विचारताच त्यांनी एकेक फूल माझ्यासमोर ठेवलं. सात फुलं. पाकळ्या सगळ्या पुऱ्या होत्या.

"याआधीचा डबाबी असाच आला," त्या म्हणाल्या. "कवा उघडलंसा?"

मी तारीख सांगितली.

त्यांनी मान हलवली. "वाळू एकच हुती, मास्तर."

मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं असतं, पण त्यांनी पाय मागे घेतले. रागानं नाही; रागवायला जेवढं बळ लागतं तेवढंही त्यांच्यात उरलेलं नव्हतं. बाहेर रायाप्पा बैलांना पाणी दाखवत होते, त्याचा आवाज येत होता.

मग त्यांनी विचारलं, "काय दिसलं?"

"काही नाही. हात धरला होता. तिनं."

"कुठला?"

मी उजवा हात पुढे केला.

"गार हुता का ऊन?"

"ऊन."

आक्कांनी माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. उलटा केला, सुलटा केला, हुंगला. मग डोळे मिटून तो आपल्या गालाला लावला, आणि कितीतरी वेळ तशाच बसून राहिल्या. कन्नडमध्ये त्या काही तरी पुटपुटत होत्या. लहान पोराला जेवायला हाक मारतात तसं. मी हात काढून घेतला नाही. त्यानंतर आम्ही भेटलो नाही. एकोणचाळीस साली त्या गेल्याचं आण्णाप्पांनी सांगितलं.

आता सत्तेचाळीस साल चालू आहे. मी साठीला टेकलो आहे, पेन्शन घेतो, अनगोळच्याच घरात राहतो. लतिकेचा चेहरा मला काढता आला नाही. डाव्या हातावर वयाप्रमाणे शिरा आल्या आहेत, डाग पडले आहेत, थंडीत सांधे आखडतात. उजव्याला यातलं काही नाही. तो सदतिसाव्या वर्षी होता तसाच आहे, कातडी घट्ट, रंग ताजा. उन्हाळ्यात त्याला घाम येत नाही. डॉक्टर म्हणाले, कोरडेपणा आहे, खोबरेल चोळत जा. तेल चोळलं तर ते वरच राहतं, आत मुरत नाही.

त्या हाताची नखं मी बावीस वर्षांत एकदाही कापलेली नाहीत. कापावी लागलेली नाहीत.